ड्रेनेज लाइन बदलणारा ठेकेदार: गुहागरातील तीन कोटेशने आणि एक पूर्ण झालेले काम

गुहागरच्या खालच्या पाट या वस्तीतील आमच्या घराची शौचालयापासून सेप्टिक टाकीपर्यंतची जुनी ड्रेनेज लाइन यंदा शिमगा उरकल्यावर मुळापासून काढून नवी टाकली. त्यासाठी तीन ठेकेदारांकडून कोटेशने घेतली, एकाला काम दिले, आणि आता गणपतीची गर्दी व पावसाळा असे दोन्ही त्या लाइनीने पाहिल्यानंतर हे लिहीत आहे. ज्याला काम दिले त्याला पाचपैकी चार गुण देईन. पाचवा का कापला तेही पुढे येईल. तिघांचीही नावे येथे दिलेली नाहीत. अशी कामे करणारे लोक सहसा आपल्या तालुक्याबाहेर जात नाहीत, त्यामुळे श्रीवर्धनच्या किंवा वेंगुर्ल्याच्या वाचकाला गुहागरातल्या प्लंबरचे नाव कळून फारसे काही साधणार नाही. आपल्या गावातला नेमका माणूस कसा ओळखावा हे कळले तर उपयोग आहे, आणि माझ्या मते ते ओळखणे भाव ठरण्याच्या आधीच, तो माणूस घरी येऊन काय काय बघतो यावरून, शक्य असते.

आधी जागेविषयी सांगावे लागेल, कारण या कामात बरेचसे जागेवरच ठरते. गुहागरातली जुनी घरे लांबट पट्ट्यांत आहेत: पुढे रस्ता, मग अंगण, ओटी, माजघर, मागे परसू, त्यामागे माड-पोफळींचे आगर आणि शेवटी समुद्र. आमचे शौचालय घराच्या मागच्या अंगाला आहे, टाकी आगराच्या तोंडाशी आहे आणि या दोहोंच्या मध्ये, थोडी बाजूला, विहीर आहे. जमीन पुळणीची, फावडे मारले की वाळूच लागते, आणि भर पावसात विहिरीचे पाणी इतके वर येते की रहाटाची गरज उरत नाही. जुनी लाइन चकाकी दिलेल्या स्टोनवेअर पाइपांची होती. हे पाइप जेमतेम दोन फूट लांबीचे असतात, म्हणजे साठ फुटांच्या लाइनीत सुमारे तीस सांधे, आणि प्रत्येक सांधा सुतळी व सिमेंट ठासून बसवलेला. पाइप चांगला राहतो, सांधा राहत नाही. खालची वाळू जरा सरकली किंवा घुशीने बीळ केले की त्या ताठर सांध्याला चीर जाते, चिरेतून ओल बाहेर येते आणि त्या ओलीकडे माडाची तंतुमुळे वळतात. आमच्या लाइनीतून काढलेल्या एका तुकड्यात मुळांचा असा गच्च बोळा बसला होता की ओढून काढल्यावर तो काथ्याच्या जाड दोरखंडासारखा अखंड बाहेर आला.

ठेकेदार बोलावण्याआधी एक गोष्ट घरच्या घरी तपासता येते. शौचालयाचे पाणी हळू उतरू लागले म्हणजे लाइनच बिघडली असे नसते. टाकी भरलेली असू शकते किंवा टाकीतून बाहेर पडणारे पाणी जमिनीत जिरवणारा शोषखड्डा पाणी घेईनासा झालेला असू शकतो. लाइनीवर तपासणीसाठी बांधलेले झाकणाचे चौकोनी खड्डे, म्हणजे चेंबर, असतात; त्यांतल्या टाकीच्या अगदी आधीच्या चेंबरचे झाकण उघडावे. तेथे पाणी तुंबून उभे असेल तर दोष बहुधा टाकीत किंवा तिच्या पुढे आहे, आणि पाइप बदलण्याचा खर्च वाया जाण्याचा धोका आहे. तेथे कोरडे आणि वरच्या चेंबरमध्ये मात्र तुंबलेले असेल तर दोष दोन चेंबरांच्या मधल्या पाइपात आहे. तिघांपैकी किती जण हे झाकण उघडायला सांगतात, याकडे मी मुद्दाम लक्ष ठेवले होते.

पहिला ठेकेदार जेसीबीवाला. तालुक्यातच रस्त्याची, पाया खोदण्याची कामे करणारा, ओळखीचा, बोलायला मोकळा. त्याने परसवात उभे राहून नजरेने अंतर मापले आणि रनिंग फुटाचा दर सांगितला. माल आमचा, मजुरी व खोदाई त्याची. तिघांत तोच सर्वांत स्वस्त होता. चेंबर उघडले नाही, टाकी कुठे आहे ते पाहिले, पण तिच्या तोंडाची पातळी किती ते विचारले नाही. ढाळ किती ठेवणार असे विचारल्यावर ‘पाणी खाली जातंच की हो’ एवढेच उत्तर मिळाले. त्यातून जेसीबी आगरात न्यायचा म्हणजे पोफळीच्या दोन ओळींमधून न्यायचा. पोफळीची मुळे वरच्या थरातच पसरलेली असतात, आणि त्या यंत्राच्या चाकांखाली शिंपण्याचे पाटही राहिले नसते. मोकळ्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, नवे घर बांधणाऱ्याला हा माणूस चालेल. वसलेल्या घराच्या परसवात तो नको.

दुसरी चिपळूणची फर्म. त्यांचा सुपरवायझर वेळेवर आला, सगळीकडचे फोटो काढले, टेपने मोजमाप घेतले आणि छापील कोटेशन पाठवले; त्यात मालाचे वर्णन, मानक क्रमांक, १८ टक्के जीएसटी, सगळे रीतसर होते. पाइपात कॅमेरा सोडून पाहण्याची सोयही त्यांनी वेगळ्या शुल्कात देऊ केली. कॅमेऱ्याविषयी माझे मत असे की लाइनीचा एखादा तुकडाच दुरुस्त करायचा असेल, किंवा लाइन फरशीखालून, भिंतीखालून जात असेल, तर तो खर्च वसूल होतो, कारण नेमके कुठे फोडायचे ते कळते. सगळी लाइन उघड्या परसवातून जात असेल आणि ती सगळीच काढायची ठरली असेल, तर आतले चित्र पाहून निर्णय बदलत नाही. फर्मचा आकडा पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट होता. त्यात टाकीही बदलून तयार बायो टाकी बसवावी असा आग्रह होता, आणि टाकी का बदलायची याचे कारण मात्र कोटेशनमध्ये कुठेच नव्हते.

तिसरा शेजारच्या गावचा, प्लंबिंग आणि गवंडीकाम दोन्ही करणारा, हाताखाली चार माणसे असलेला. तो आला तेव्हा त्याच्या पिशवीत लेव्हलची नळी होती, म्हणजे पाणी भरलेली पारदर्शक प्लॅस्टिकची नळी. त्याने चारही चेंबरांची झाकणे उघडायला लावली, शौचालयात बादली ओतायला सांगितली आणि स्वतः खालच्या चेंबरपाशी उकिडवा बसून पाणी किती वेळाने येते ते पाहत राहिला. मग विचारले की घरात एरवी किती माणसे असतात आणि गणपतीत किती असतात. न्हाणीचे आणि स्वयंपाकघराचे पाणी कुठे जाते. विहिरीचे पाणी प्यायला वापरता का. शेजाऱ्यांची विहीर कुठे आहे. शेवटचा प्रश्न इतर दोघांच्या डोक्यातही आला नव्हता. भारतीय मानक २४७० प्रमाणे शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर आणि राहत्या घरापासून किमान ६ मीटर दूर असावा लागतो. आमच्याकडच्या अरुंद पट्ट्यांत आपल्या विहिरीपासून हे अंतर कसेबसे साधते, पण तोच खड्डा कुंपणापलीकडच्या विहिरीला अगदी जवळ पडलेला असतो. त्याने दोन्ही अंतरे पावलांनी मोजली आणि खड्डा आहे तेथे राहू द्यावा असे सांगितले.

निवड खरी झाली ती ढाळाच्या हिशेबावर. शौचालयाच्या पाइपाजवळ नळीचे एक टोक धरून त्याने मला म्हटले, ‘काकू, ढाळ संडासापासून धरायचा नसतो. टाकीचं तोंड आपल्याला हलवता येत नाही, तिथून मागे मोजत यायचं.’ दोन्ही टोकांच्या पातळीतला फरक १४ इंच भरला. लाइन ६० फुटांची, म्हणजे साधारण ५१ फुटांना एक फूट उतार. चार इंची लाइनीसाठी ५७ फुटांना एक फूट हा उतार पुरेसा धरतात, कारण तेवढ्या उतारावर पाण्याला सेकंदाला पाऊण मीटर वेग येतो आणि मैला तळाशी बसत नाही. आमच्याकडे त्यापेक्षा थोडाच जास्त उतार हाती होता. मध्येच कुठे दोन इंच जास्त खोल खणले गेले तर तेथे पाइपाला पोट येणार आणि पुढच्या भागाला उतारच उरणार नाही, हे त्याने कागदावर रेघ ओढून दाखवले. जुनी लाइन स्वयंपाकघराच्या कोपऱ्याला वळसा घालून जात होती. तो वळसा काढून एकाच चेंबरमध्ये एकच वळण ठेवण्याचे त्याने सुचवले. अंतर थोडे कमी झाले आणि तेवढा ढाळ पदरात पडला. नजरेने ढाळ धरणाऱ्या माणसाला हे काम दिले असते तर काय झाले असते ते सांगायला नको. पुष्कळ उतार असलेल्या डोंगरउतारावरच्या घरात कदाचित काहीच बिघडले नसते, पण समुद्रकाठच्या सपाट आगरात इंचाइंचाचा हिशेब असतो.

पाइपाविषयीही बोलावे लागेल, कारण कोटेशनमध्ये ‘चार इंची पीव्हीसी पाइप’ एवढेच लिहिलेले असते आणि त्या चार शब्दांत बरेच काही लपते. दुकानात सहज मिळतो तो राखाडी एसडब्ल्यूआर (मैला, सांडपाणी व पावसाचे पाणी यांसाठीचा) पाइप, मानक १३५९२ चा. त्यात टाइप ए हा पावसाच्या पाण्यासाठी व हवेच्या नळीसाठी, आणि टाइप बी हा मैल्यासाठी. ११० मिलिमीटर व्यासाच्या पाइपात पहिल्याची भिंत सुमारे २.२ मिलिमीटर जाड असते आणि दुसऱ्याची ३.२. बाहेरून पाहिले तर फरक चटकन जाणवत नाही, पण पाइपावर छापलेले असते आणि ते वाचायला चष्मा लावण्यापलीकडे कष्ट नाहीत. जमिनीखाली गाडण्यासाठीच बनवलेला पाइप वेगळा: मानक १५३२८ चा, विटकरी तपकिरी रंगाचा, आणि त्यावर एसएन ४, एसएन ८ असा बाहेरचा दाब सोसण्याचा वर्ग छापलेला. फर्मने हा तपकिरी पाइप लिहिला होता. जेसीबीवाल्याने पाइपाचा विषय आमच्यावरच सोडला होता. सहज विचारले तेव्हा टाइप ए देखील ‘चालतो सगळीकडे’ असे म्हणाला. तिसऱ्याने टाइप बी लिहिला होता आणि वरून गाडी जाणार नसेल तर तो पुरे असे त्याचे म्हणणे होते. मी तपकिरीच हवा म्हटल्यावर त्याने फरकाची रक्कम लिहून दिली आणि माल चिपळूणहून मागवला. सांधे मात्र रबर रिंगचेच घ्यायचे हे त्याने स्वतःहून सांगितले. वाळूत पाइप किंचित इकडेतिकडे होतोच. सोल्युशनने चिकटवलेला सांधा तेथे ताठ राहतो, रिंगचा सांधा थोडे सांभाळून घेतो.

कोटेशनमधले जे कलम सर्वांत महत्त्वाचे, ते तिघांच्याही कागदावर आरंभी नव्हते, ते मागून घ्यावे लागले: अनपेक्षित काही लागले तर दर काय. पुळणीत खणताना पाणी लागते आणि चराच्या कडा ढासळतात. मग पंप, डिझेल, फळ्यांचा आधार, आणि अर्थात जादा मजुरी. सड्यावर, रत्नागिरीकडे किंवा देवगडकडे, हीच जागा कातळ घेतो. तेथे वरच्या मातीखाली जांभा लागला की पहार चालत नाही, ब्रेकर लावावा लागतो, आणि पाइपापेक्षा खोदाईचाच खर्च मोठा होऊन बसतो. ‘साइटच्या परिस्थितीनुसार जादा आकार’ असे मोघम वाक्य फर्मच्या कोटेशनच्या तळाशी बारीक टायपात होते. त्या एका वाक्यात कोटेशनचा आकडा कितीही फुगू शकतो. तिसऱ्याने पंपाचा दर दिवसाप्रमाणे लिहून दिला आणि चैत्र-वैशाखात काम काढले तर पंप बहुधा लागणारच नाही असे सांगितले, आणि तसेच झाले. त्या दिवसांत विहिरीचे पाणी पार खाली गेलेले असते. ज्यांना हे काम करायचे असेल त्यांनी मृगापर्यंत थांबू नये, पण पावसाळा संपताच, दिवाळीच्या सुमारासही घाई करू नये, कारण तेव्हा जमिनीत पाणी वरच असते.

हमीच्या बाबतीत फर्मचा कागद वाचण्यासारखा होता. बारा महिन्यांची लेखी हमी, शिक्क्यासह. मात्र ‘झाडांची मुळे, उंदीर-घुशी आणि जमिनीचे खचणे’ यांमुळे झालेला बिघाड वगळून. माडांच्या आगरात, घुशींनी पोखरलेल्या पुळणीत, या तीन गोष्टी वगळल्यावर उरते ते काय, हा प्रश्न मी सुपरवायझरला विचारला तेव्हा तो बिचारा हसला. जेसीबीवाल्याचे म्हणणे होते की पावसाची हमी कोणी देत नसतो. तिसऱ्याशी असे ठरले की रकमेचे ३० टक्के मालासाठी आगाऊ, ४० टक्के पाइप बसवून चर बुजवण्याआधी, २० टक्के काम संपल्यावर आणि उरलेले १० टक्के पावसाळा सरल्यावर. त्याने त्यावर स्वतःची एक अट घातली: टाकी दोन-तीन वर्षांतून उपसून घेतली नाही आणि त्यामुळे लाइन तुंबली तर दोष त्याचा नाही. ती अट मला रास्त वाटली.

टाकी उपसण्यावरूनच जेसीबीवाल्याचा विषय माझ्यापुरता कायमचा मिटला. नवा पाइप टाकीला जोडायचा तर टाकी आधी रिकामी हवी, आणि त्यावर तो सहज म्हणाला की टँकर कशाला, आमची पोरे उतरून साफ करतील. बंद टाकीत हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन साठलेले असतात. उतरलेला माणूस ओरडण्याआधीच कोसळतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. २०१३ च्या हाताने मैला उचलण्यास बंदी घालणाऱ्या कायद्याने गटार किंवा सेप्टिक टाकीच्या धोकादायक सफाईसाठी कोणालाही कामाला लावण्यास मनाई केली आहे, आणि ही मनाई ठेकेदारापुरती नाही, ‘प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष’ काम देणाऱ्या कोणालाही आहे, म्हणजे घरमालकालाही. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अशा मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये १० लाखांवरून ३० लाखांवर नेली. आकडे बाजूला ठेवले तरी, दुसऱ्याच्या मुलाला टाकीत उतरवून चार पैसे वाचवणाऱ्याच्या हाती आपले घर का द्यावे, हा साधा प्रश्न आहे. तिसऱ्याने मैला उपसणारा टँकर बोलावणे कोटेशनमध्येच धरले होते, आणि टाकीची जोडणी त्याने बाहेरच्या चरातून, भिंतीला छिद्र पाडून केली. आत कोणी डोकावलेही नाही.

प्रत्यक्ष काम मी ओट्यावर खुर्ची टाकून पाहिले. दोरी आणि खुंट्या लावून हाताने चर खणला. पाइप टाकीच्या बाजूने, म्हणजे खालून वर असे बसवत आणले, प्रत्येक सॉकेटचे, म्हणजे पुढचा पाइप ज्यात बसतो त्या रुंद टोकाचे, तोंड चढाच्या बाजूला. चरातून निघालेली वाळू मुळ्या आणि दगड वेचून चार बोटे तळाशी अंथरली, तीच दोन्ही अंगांना पायाने दाबून, वर पाणी मारून बसवली. विहिरीच्या समोरून लाइन जाते तेथे त्याने सहा मीटरचा अखंड पाइप टाकला, म्हणजे विहिरीच्या आसपास सांधाच येऊ नये. हे कोटेशनमध्ये नव्हते आणि मीही सांगितले नव्हते. चेंबर चिऱ्याचे, आतून गिलावा केलेले, तळाला अर्धगोल नाळ वळवलेली, जेणेकरून मैला कोपऱ्यात बसू नये. गिलाव्यासाठी त्याने आमच्या परसवातली वाळू घेतली नाही. समुद्राकाठच्या वाळूतले मीठ गिलावा फुगवते आणि सळई खाते, म्हणून दगड भरडून केलेली धुतलेली वाळू, म्हणजे क्रश सँड, आणली. वाळू एवढी पायाखाली असताना विकत कशाला, असे म्हणणारे गवंडी आमच्याकडे काही कमी नाहीत. झाकणे लोखंडी न घेता एफआरपीची, म्हणजे काचतंतू घातलेल्या प्लॅस्टिकची, घेतली, कारण खाऱ्या हवेत बिडाचीही चौकट काही वर्षांत गंजून झाकण उचलेनासे होते.

चर बुजवण्याआधीच्या तपासणीसाठी मी थांबले होते, कारण चाळीस टक्क्यांचा हप्ता तिच्यावर अवलंबून होता. खालच्या चेंबरमध्ये त्याने दाढीचा छोटा आरसा तिरका धरला आणि त्याच्या मुलाने वरच्या चेंबरमधून मोबाइलची बॅटरी पाइपात मारली. आरशात उजेडाचे पूर्ण गोल वर्तुळ दिसले. पाइप कुठे वाकला किंवा खचला असता तर ते वर्तुळ चंद्रकोरीसारखे कापले गेले असते, असे त्याने सांगितले. मग पाइपाच्या आतल्या व्यासापेक्षा जरा लहान असा रबरी चेंडू वरून सोडला, तो कुठेही न अडता खाली आला. शेवटी खालचे तोंड बुचाने बंद करून लाइन पाण्याने भरली, वरच्या चेंबरमध्ये खडूने रेघ मारली आणि सगळे चहाला बसले. चहा झाला तरी पाणी रेघेवरच होते. या तिन्ही चाचण्यांना यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत. ठेकेदार त्या करायला तयार आहे का एवढाच प्रश्न असतो, आणि तो काम देण्याआधीच विचारून ठेवावा.

आता तक्रारी. ठरलेल्या दिवशी काम सुरू झाले नाही. हा माणूस एका वेळी दोन-तीन ठिकाणी हात घालतो आणि मग कुठल्याच फोनला उत्तर देत नाही. निरोप द्यावा लागतो तो त्याच्या बायकोकडे, आणि त्या बाईच त्याच्यापेक्षा जास्त भरवशाच्या आहेत. परसवातल्या चेंबरचे झाकण जमिनीपेक्षा दोन इंच वर राहिले आणि येताजाता पायाला ठेचा लागू लागल्या. पोफळीच्या शिंपणाचा पाट चर खणताना मोडला तो त्याने मातीने लिंपून दिला, पण पूर्वीसारखा नाही. जुन्या पाइपांचे तुकडे विहिरीशेजारी रचून ठेवले ते आठवण करून दिल्याशिवाय हलले नाहीत. जादा कामाचा हिशेब, म्हणजे वाढवलेल्या एका चेंबरचा, आधी न सांगता सुट्या कागदावर लिहून आणला. रक्कम वाजवी होती, पद्धत वाजवी नव्हती. त्याची पावतीही साधी, वहीच्या कागदावरची. वीस लाखांखालची उलाढाल असलेल्याला जीएसटीची नोंदणी सक्तीची नाही हे खरे, पण ज्यांना लॉजिंगच्या व्यवसायासाठी खर्च दाखवायचा आहे त्यांची यात अडचण होईल. फर्मकडे यातले काहीच घडले नसते, हे कबूल केले पाहिजे, आणि समुद्राकाठी आठ-दहा खोल्यांचा घरगुती निवास चालवणाऱ्याने, विशेषतः हंगामात एक दिवसही खोली बंद ठेवणे परवडत नसेल तर, दुप्पट पैसे देऊन फर्मच बोलवावी. फक्त त्या मोघम वाक्याच्या जागी दर लिहून घ्यावेत आणि बायो टाकीचे कारण विचारावे.

पावसाळ्यातली परीक्षा वेगळी असते. आषाढात जमिनीतले पाणी पाइपाच्या वर चढते, आणि सांधा कच्चा असेल तर मैला बाहेर जाण्याऐवजी जमिनीतले पाणीच आत येते. मग टाकी विनाकारण भरते आणि घरातला माणूस सेप्टिक टाकीला दोष देत बसतो. हे तपासायचे तर पहाटे, घरात कोणी नळ उघडण्याआधी, टाकीजवळच्या चेंबरचे झाकण उचलावे. लाइनीतून बारीक धार येत असेल तर ती भूजलाची. मुसळधार पावसाच्या आठवड्यात मी बॅटरी घेऊन पाहिले तेव्हा नाळेचा तळ नुसता ओला होता. गणपतीत मुंबईची सगळी मंडळी आल्यावरही वरच्या चेंबरमध्ये पाणी थांबले नाही. त्यात न्हाणीचे पाणी मैल्याच्या लाइनीतून काढून केळी आणि अळवाकडे वळवल्याचा वाटा मोठा आहे; पूर्वी घरोघरी तसेच होते, मधल्या काळात सगळे एकाच पाइपात घालण्याची पद्धत पडली. शोषखड्डा मात्र श्रावणात तुडुंब झालाच. खड्ड्याभोवतीची जमीनच पाण्याने भरलेली असताना तो आणखी पाणी कुठे घेणार? हे ठेकेदाराने कोटेशन देतानाच सांगितले होते, आणि नवी लाइन टाकून तो दोष जाईल असे खोटे आश्वासन दिले नव्हते.

राखून ठेवलेले १० टक्के नवरात्रात दिले. त्याआधी त्याने माणूस पाठवून परसवातल्या चेंबरचा चिऱ्यांचा वरचा एक थर काढून टाकला आणि झाकण जमिनीच्या पातळीला आणून बसवले.